टोकनमामांचं दुसरं दार

आमच्या संग्रहालयात शिरलं की डाव्या हाताला तिकिटांची खिडकी आणि उजव्या हाताला सामानघर. खिडकीत मी, सामानघरात टोकनमामा. मधे चार पावलांची फरशी. त्या चार पावलांवरून आम्ही एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत आलो. त्यामुळे पुढे सांगतोय त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं मामांनी डबा खाता खाता सांगितलंय.

मामांचं काम म्हणजे येणाऱ्यांच्या पिशव्या, छत्र्या, हेल्मेटं घ्यायची, लाकडी कप्प्यात ठेवायची आणि पितळी टोकन द्यायचं. टोकन परत आलं की सामान परत. हे एकतीस वर्षं. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पिशव्या राहत. "ती बंद तुटलेली निळी आली का आज?" असं ते आमच्या ग्रंथपालांबद्दल विचारत. संग्रहालयाच्या आत मात्र ते फारसे कधी गेलेच नाहीत. "आत काय बघायचं? सामान तर सगळं माझ्याकडे असतं," हे त्यांचं म्हणणं.

पाच पन्नासला सामानघराला कुलूप, सहा चाळीसला घरी. एकदा वाटेत शाळेतला मित्र भेटला आणि सहा पंचावन्न झाले, तर मामी हातात कात्री घेऊन रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मामी घरीच कपडे दुरुस्त करतात. उसवलेलं, आखूड झालेलं, चेन अडकलेलं, काय हवं ते आणा. पुढच्या खोलीत मशिन, मागच्या खोलीत संसार. थोडक्यात, मामांच्या आयुष्यात संशयाला जागा नव्हती. जागाच इतकी कमी होती.

त्यात ते प्रदर्शन आलं.

दोन हजार वर्षांपूर्वी वाळवंटाच्या कडेकडेने मीठ, लोकर आणि काचेचे मणी घेऊन ये-जा करणाऱ्या लोकांचं. त्यांची वजनं, त्यांच्या मुक्कामाच्या सराया, खेचरांच्या गळ्यातल्या घंटा, चामड्यावर लिहिलेली पत्रं. पण मुख्य आकर्षण होता 'व्यापारी'. एका सरायीजवळ त्याचा सांगाडा सापडला होता, बोटात नावाची अंगठी होती. त्याच्या कवटीवरून त्याचा चेहरा पुन्हा घडवून पूर्ण उंचीचा पुतळा उभा करायचा होता. त्यासाठी एक दाढीवाला मूर्तिकार दोन महिने वरच्या खोलीत काम करत होता. रोज सकाळी मामांकडे पिशवी द्यायचा, टोकन घ्यायचा, वर जायचा.

उद्घाटनाला संचालकबाईंनी पडदा ओढला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. पाहुण्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात टोकनमामा उभे होते, कुणाची तरी छत्री काखेत धरून.

पुतळा हुबेहूब मामा होता. म्हणजे कुठे तरी झाक मारतो असं नव्हे. डाव्या डोळ्याची पापणी जरा खाली उतरलेली, कानांच्या पाळ्या लांब, नाकाचा शेंडा उजवीकडे झुकलेला, आणि त्याखाली ती भरघोस, टोकांना पांढरी झालेली मिशी. फक्त मामांच्या अंगात खाकी शर्ट होता आणि त्याच्या अंगात लोकरीचा झगा.

"हे तर मी आहे," मामा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून.

"हे विज्ञान आहे," मूर्तिकार ताडकन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पिशवी द्यायला आला तेव्हा मामांनी त्याला गाठलं. त्याने आधी कवटीची मापं सांगितली, मांसाची जाडी सांगितली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, कवटीला कान नसतात. नाकाचा शेंडा नसतो, ओठ नसतात, मिशी नसते. ते अंदाजाने करावं लागतं."

"कुणाच्या अंदाजाने?"

"रोज सकाळी डोळ्यांसमोर जो चेहरा येतो, तो हातात उतरतो हो. मला कळलंही नाही."

"मग त्याचं स्वतःचं राहिलं काय?"

मूर्तिकाराने विचार केला. "कपाळ."

"म्हणजे कपाळ त्याचं आणि भोगायचं माझ्या तोंडाने," मामा म्हणाले आणि त्याला टोकन दिलं.

पहिल्या आठवड्यात मजा होती. लोक पिशवी देऊन आत जात, पाच मिनिटांत धावत बाहेर येत आणि मामांकडे पाहत राहत. एका शाळेच्या मास्तरांनी पन्नास मुलांना रांगेत उभं करून मामांच्या गालाला बोट लावायला लावलं, 'मूळ आणि प्रतिकृती यातला फरक' समजावा म्हणून. एक सेवानिवृत्त गृहस्थ रोज येऊन त्या काळच्या लोकरीच्या दर्जावर मामांशी वाद घालत. मामा म्हणत, "मला त्यातलं काही कळत नाही हो." गृहस्थ म्हणत, "तुमच्यासारख्यांनीच हात झटकले म्हणून तो व्यापार बुडाला."

संचालकबाईंचं धाबं दणाणलं. मामांना समोर पाहिल्यावर लोक प्रदर्शन गांभीर्याने घेत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात कार्यालयीन आदेश निघाला. तो आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे: 'प्रदर्शन सुरू असेपर्यंत सामानघरातील कर्मचाऱ्याने शक्यतो प्राचीन दिसू नये.'

मामांनी आदेश दोनदा वाचला, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी मिशी उतरवून आले. एकतीस वर्षांची मिशी. ओठाच्या वरचा भाग नव्या बटाट्यासारखा दिसत होता.

पण तोवर घरात आग लागून चुकली होती.

झालं असं की दुसऱ्या रविवारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना मोफत प्रवेश होता. मामी आल्या, बरोबर त्यांची बहीण आणि बहिणीचा नवरा, म्हणजे मामांचे साडू. मंडळी हसत आत गेली. व्यापाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर, बोटभर उंचीच्या अक्षरांत, त्याच्या बायकोने त्याला लिहिलेल्या पत्राचं भाषांतर लावलेलं होतं. सगळे लोक दोन ओळी वाचून पुढे सरकत. मामींनी ते अख्खं वाचलं. दोनदा.

'तू गेलास त्याला तीन हिवाळे झाले. छपराची एक बाजू बसली. मुलीचा एका पायाचा जोडा तू मापाला म्हणून नेलास, तेव्हापासून दुसरा कोनाड्यात पडून आहे आणि ती अनवाणी फिरते. येणारी माणसं सांगतात की तू तब्येतीने भरला आहेस. तुझ्या तिकडच्या घराला दोन दारं आहेत असंही सांगतात. एक दार तुझ्यासाठी. दुसरं कुणासाठी?'

वाचून झाल्यावर मामी पुतळ्यासमोर गेल्या. त्या उतरलेल्या पापणीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग बाहेर येऊन टोकन सामानघराच्या फळीवर आपटलं.

"माझी पिशवी द्या."

"अगं, एवढ्यात झालं बघून?"

"जेवढं बघायचं तेवढं बघितलं."

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. डबा मिळायचा, पण झाकण इतकं घट्ट लावलेलं की मला आणि मामांना मिळून उघडावं लागायचं. चौथ्या दिवशी मामांनी धीर करून विचारलं, "माझं चुकलं तरी काय?"

"तीन वर्षं," मामी मशिनवरून मान न उचलता म्हणाल्या.

"अगं, तो मी नाही!"

"तोंड कुणाचं आहे?"

"तोंड माझं आहे."

"मग?"

मामांनी सांगून पाहिलं की तो दोन हजार वर्षांपूर्वी मेला. मामी म्हणाल्या, मरून सुटायचं हे पुरुषांना बरं जमतं. मामांनी मिशी काढली तेव्हा तर प्रकरण आणखी चिघळलं. "ओळख लपवायला लागलात, म्हणजे काहीतरी आहेच."

मेहुणी समजूत घालायला आल्या आणि दोन तास बसून, "भाऊजी, ते दुसरं दार तेवढं बंद करून टाका, म्हणजे झालं," असं सांगून गेल्या. शेजारच्या दोघी बायका जिन्यात मामांना पाहिलं की गप्प व्हायच्या. साडूंनी मात्र मामांना कोपऱ्यात घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजले, "तीन वर्षं पत्ता लागू दिला नाहीत! कसं जमवलंत? मला तरी सांगा."

मामांना आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग एक वेगळीच गोष्ट झाली. त्यांना त्या व्यापाऱ्याची काळजी वाटू लागली. "आपल्या तोंडाने एक माणूस चारचौघांत उभा आहे," ते मला म्हणाले, "त्याच्यावर नाही नाही ते आळ येतायत, आणि त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही."

दुपारी दीड ते दोन सामानघर बंद असे, जेवणाची सुट्टी. त्या दिवशी मामांनी डबा तसाच ठेवला, वही-पेन्सिल घेतली आणि आत गेले. मी मागोमाग गेलो, कारण मला राहवेना.

ते पिशव्या तपासायच्या क्रमानेच गेले. उजवीकडून सुरुवात, एकही कपाट सोडायचं नाही. पत्राखालच्या बारीक अक्षरातली ओळ त्यांनी वहीत उतरवून घेतली: पत्र सरायीच्या पुढच्या गावात, टपालाच्या गोणीत सापडलं, मोहर न फोडलेली.

"म्हणजे हे त्याला मिळालंच नाही," मामा म्हणाले.

मग ते व्यापाऱ्याच्या वस्तूंच्या काचेपाशी आले. अंगठी, सुरी, आणि गळ्यातल्या दोरीत ओवलेली भाजक्या मातीची अर्धी चकती. तिची तुटकी कड करवतीसारखी दातेरी होती. खाली लिहिलं होतं: 'विधीतील चकती. बहुधा मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी.'

मामा तिथेच थबकले. मग ते जवळजवळ पळतच खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे सरायीच्या कोठारात सापडलेलं बेवारशी सामान मांडलेलं होतं: गोण्या, घडे, एक चामड्याची पिशवी. पिशवीच्या बंदाला भाजक्या मातीची अर्धी चकती बांधलेली, दातेरी कडेची. खाली लिहिलं होतं: 'अलंकार.'

मामांनी काचेवर बोट टेकवलं. "कसला विधी," ते म्हणाले. "टोकन आहे हे. अर्धं माणसाकडे, अर्धं सामानाला."

संचालकबाईंनी ऐकून घेतलं. "मामा, या वस्तूंवर तज्ज्ञांनी चौदा वर्षं अभ्यास केलाय."

"मी एकतीस वर्षं केलाय," मामा म्हणाले.

दोन्ही काचपेट्या एकदम उघडायला तीन किल्ल्या आणि पाच सह्या लागतात. त्याला नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी पांढरे मोजे घातलेल्या एका माणसाने दोन्ही अर्ध्या चकत्या मऊ कापडावर ठेवल्या आणि एकमेकींकडे सरकवल्या. एकही दात चुकला नाही. संचालकबाई जवळच्या स्टुलावर बसल्या. ते स्टूलही अकराव्या शतकातलं निघालं, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

"तो सापडला कुठे?" मामांनी विचारलं.

"कोठाराच्या दारापासून बारा पावलांवर," बाई म्हणाल्या. "बसलेल्या अवस्थेत. वाळूच्या वादळात गाडला गेला असावा. आत का गेला नाही, हे कोडंच आहे."

"कोडं कसलं त्यात? कोठार बंद असणार," मामा म्हणाले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "जेवणाची सुट्टी असणार."

तेव्हापासून मामांनी सामानघर दुपारी बंद केलं नाही. एका हाताने जेवायचे, दुसऱ्या हाताने टोकन द्यायचे. कुणाच्या दप्तराला भाजीचा डाग लागला तर माफी मागायचे.

शोध लागला खरा, पण तो घरी कसा पोचवायचा? मामी ऐकायला तयार नव्हत्या. शेवटी मामांनी एक युक्ती केली. खाकी शर्टाची बाही स्वतःच उसवली आणि तो मशिनपाशी ठेवून म्हणाले, "उद्या एकदा ये. मला बघायला नको. पिशवीतलं शिवणकाम बघायला ये. दोन हजार वर्षं टिकलंय."

मामी आल्या. मामांकडे न बघता पिशवी दिली, न बघता टोकन घेतलं. मी खिडकीवर 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी लावली.

चामड्याच्या पिशवीतलं सामान आता उघडून मांडलं होतं. एक कंगवा, कापडाची गुंडाळी, आणि तीन जोडे. खाली लिहिलं होतं: 'पादत्राणे, तीन नग, विषम. विक्रीचे नमुने असावेत.' पत्राचे तज्ज्ञ वेगळे आणि चामड्याचे वेगळे, दोघांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे हे सामान पत्राशी कुणी जोडूनच पाहिलं नव्हतं.

मामी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आधी टाक्यांकडे पाहिलं. मग जोड्यांकडे. एक जोडा इवलासा, झिजलेला. दोन नवे, एकमेकांना जुळणारे, पण त्या जुन्यापेक्षा मोठे.

"विषम कसले?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एक मापाचा आणि दोन घेतलेले." त्यांनी काचेवर बोटं ठेवून अंतर मोजलं. "दोन बोटं जास्त. वाढत्या पायाचे घेतलेत. तीन वर्षांत मुलीचा पाय एवढाच वाढतो."

मामा माझ्या पाठीमागे लपले होते.

"अंदाज बरोबर होता त्याचा," मामी म्हणाल्या. "निघाला होता तर." मग एकदम वळल्या. "आणि ते दुसरं दार?"

हा प्रश्न येणार हे ओळखून मामांनी संचालकबाईंना आधीच बोलावून ठेवलं होतं. बाईंनी घसा साफ केला. "तो राहायचा त्या गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या घराला दोन दारं होती. एक माणसांसाठी, एक खेचरांसाठी."

"म्हणजे दुसऱ्या दारात खेचर."

"खेचर."

"नक्की?"

"लीद सापडली आहे," बाई म्हणाल्या.

मामींनी मान हलवली. मग सतरा दिवसांत पहिल्यांदा मामांकडे नीट पाहिलं. "मिशी कशाला काढलीत? नुसतं सोललेलं अंडं दिसताय."

मामांना वाटलं, संपलं. मलाही तसंच वाटलं. पण मामी पुन्हा पत्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"याचं सुटलं," त्या म्हणाल्या. "पण तिचं काय? ती तशीच बसली असणार. रागातच म्हातारी झाली असणार. तिला कोण सांगणार?"

"अगं, ती आता…"

"ते मला कळतंय. तरी कुणीतरी सांगायला हवं की नको?"

त्यांनी संचालकबाईंना विचारलं की पत्राखाली उत्तराच्या चार ओळी लावता येतील का. बाई म्हणाल्या, भिंतीवरचा मजकूर समितीशिवाय बदलता येत नाही. 'विधीतील चकती'च्या जागी काय लिहावं यावर समितीच्या दोन बैठका होऊन 'विधीतील चकती, सामान ठेवण्याच्या विधीतील' एवढंच ठरलं होतं. मामींना समित्यांशी भांडायचं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दारापाशी टेबलावर अभिप्रायाची वही होती, दोरीने बांधलेलं पेन होतं. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि लिहिलं:

'बाई, तो निघाला होता. पत्र त्याला मिळालं नाही, नाहीतर त्याने कळवलं असतं. मुलीचे जोडे घेतले होते, चांगले आहेत, शिवण दुहेरी आहे. दुसरं दार खेचरांचं होतं. त्याच्याकडून उशीर झाला नाही. कोठार बंद होतं, त्याबद्दल यांना फार वाईट वाटतं.'

खाली सही केली. पत्त्याच्या रकान्यात आमच्या संग्रहालयाचा पत्ता लिहिला, उत्तर आलंच तर मामांच्या हातात पडावं म्हणून.

त्या संध्याकाळी मामांनी पाच पन्नासला कुलूप लावलं तेव्हा मामी दारात थांबल्या होत्या. दोघं बरोबर निघाले. मी मागून पाहत होतो. मामी अजूनही न शिवलेल्या त्या बाहीला हात लावून म्हणत होत्या, "ही आपोआप नाही उसवली. ब्लेडने कापलीय. मला काय कळत नाही?"

प्रदर्शन दोन महिन्यांनी पुढच्या शहरात गेलं. व्यापाऱ्याला भुशाच्या पेटीत आडवं ठेवलं तेव्हा मामा तिथे उभे होते. तोंडावर भुसा पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचा रुमाल दिला. अभिप्रायाची वही मात्र आमच्याकडेच राहिली. मामा अधूनमधून येऊन ते पान उघडून बघतात. मामींच्या मजकुराच्या लगेच खाली दुसऱ्या दिवशी आलेल्या एका गृहस्थांनी लिहिलंय, 'वरील बाईंशी सहमत. पंखे वाढवावेत.'